विहीर सरकारी, रिग कंत्राटी. मग जबाबदारी कोणाची?

खासगीकरण म्हटले की आपल्याला कंपनीची विक्री दिसते. पण कंपनी न विकताही खासगीकरण होते. पाटी सरकारीच राहते, काम मात्र कंत्राटदाराकडे जाते. तेलविहिरींची दुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण आहे आणि आंबेडकरी तरुणांनी ते समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

विहीर खणली की काम संपत नाही. आतल्या नळ्या गंजतात, वाळू साचते, पाणी शिरते, जुना थर आटला की दुसऱ्या थरातून वायू काढावा लागतो. त्यासाठी रिग उभी करतात, जड द्रव भरून खालचा दाब रोखतात आणि नळ्या बाहेर काढतात. याला वर्कओव्हर म्हणतात. या काळात विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर नावाचे झडपांचे अवजड यंत्र असते. ते केव्हा काढायचे, या एका निर्णयावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

आसाममधील बागजान येथे ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या पाच क्रमांकाच्या विहिरीवर असेच काम सुरू होते. रिग खासगी कंत्राटदाराची होती. 27 मे 2020 रोजी वायू उसळला, 9 जूनला आग लागली आणि कंपनीचे दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. विहीर आटोक्यात यायला 15 नोव्हेंबर उजाडला. हजारो गावकरी छावण्यांत गेले, मागुरी-मोटापुंग बिलाचे पाणी नासले. राष्ट्रीय हरित लवादाच्या समितीने प्राथमिक अहवालात देखरेखीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. दुसरा अडथळा तपासून खात्री न करता प्रिव्हेंटर काढण्यातला धोका ओळखला गेला नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

कंत्राटदाराकडे विशेष कौशल्य असते, असे आम्हाला सांगितले जाते. यंत्र भाड्याने घ्यायला आमची हरकत नाही. पण रोज लागणारी माणसेही भाड्याने का? सार्वजनिक कंपनीच्या कायम पदाला आरक्षण लागू होते, कंत्राटदाराच्या हजेरीपटाला होत नाही. आणि उद्या कामावर बोलावतील की नाही याची खात्री नसलेला कामगार "साहेब, काम थांबवा" असे कसे म्हणेल? म्हणजे एकाच कंत्राटात आपले प्रतिनिधित्वही जाते आणि सुरक्षेचा आवाजही.

नुसती नोकरी कायम केल्याने अपघात टळतील, असा आमचा दावा नाही. बागजानची विहीर सरकारी कंपनीचीच होती. म्हणून कायम पदे आणि काम थांबवण्याचा अधिकार, या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून पाहणी केली होती. 1952 च्या खाण कायद्यात तेलविहीरही 'खाण'च होती. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने बारमाही कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याची वाट दाखवली होती. विहिरी जुन्या होतच राहणार, मग त्यांची दुरुस्ती बारमाही नाही तर काय?

मुंबई हायचे तेल आणि वायू आपल्या उरणला येतात. तेव्हा मित्रहो, माहितीच्या अधिकारात विचारा: वर्कओव्हरच्या कामावर कायम किती, कंत्राटी किती, राखीव पदे किती भरली? उत्तर हाती आले की लढ्याला आकडे मिळतील.

जय भीम!