कॉफीचे लाल फळ आणि कायद्याने नेमलेले गिऱ्हाईक



कॉफी म्हटले की शहरातला कप डोळ्यांपुढे येतो. त्या कपामागचा शेतकरी कुणाला दिसत नाही. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. कोडगू, चिकमगळूर, हासन हे तिचे जिल्हे. तिथले बहुसंख्य उत्पादक 10 हेक्टरच्या आतले आहेत. त्यांच्या अनुभवात आपल्या कापूसवाल्यांना आणि कांदेवाल्यांना घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून हा विषय आम्ही बैठकीपुढे ठेवीत आहोत.

आधी पीक समजून घेऊ. अरेबिका साधारण 1000 ते 1500 मीटर उंचीवर साधते, रोबस्टा त्याखाली. जमीन उताराची, पाण्याचा निचरा होणारी लागते. डिसेंबर-जानेवारीत वाफ्यात बी टाकतात आणि पावसाळ्यात रोपे लावतात. अरेबिकाला 6 बाय 6 फूट, रोबस्टाला 10 बाय 10 फूट अंतर ठेवतात. डोक्यावर पांगारा, सिल्व्हर ओक यांची सावली हवी. त्याच झाडांवर मिरीचा वेल चढवला की दुसरे उत्पन्न मिळते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची चांगली सर आली तर आठ-दहा दिवसांत पांढरा फुलोरा येतो. सर चुकली तर वर्ष बुडाले. अरेबिकाचे फळ लाल व्हायला आठ-नऊ महिने लागतात. सगळी फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून पिकलेली तेवढी हाताने वेचत तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कॉफी निघते. पांढरा खोडकिडा लागला तर झुडूप उपटून जाळण्यावाचून गत्यंतर नाही. आणि पहिले पीक हाती यायला तीन-चार वर्षे जातात.

इतकी वर्षे वाट पाहून काढलेल्या मालाचे काय व्हायचे? दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा 1942 साली कॉफीचा कायदा झाला. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती सोडून सारी कॉफी बोर्डाच्या पुलात घालायची, लिलाव बोर्डाने करायचा आणि शेतकऱ्याला पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे. युद्ध 1945 साली संपले, पण पूल तसाच राहिला. शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक शोधण्याची मुभा नव्हती. 1990 नंतर एकेक दोर सैल होत गेला आणि सप्टेंबर 1996 मध्ये सर्व उत्पादकांना आपला माल हवा तिथे विकण्याची मोकळीक मिळाली.

आपल्याकडे 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी आली ती अशाच गोड भाषेत, शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी. मग स्वतःच्या शेतातला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेणे हा गुन्हा ठरला. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा भाषा ग्राहकाच्या संरक्षणाची होती. संरक्षण कुणाचेही असो, बेड्या शेतकऱ्याच्याच हातात पडतात.

कुणी विचारील, मोकळ्या बाजारात कॉफीवाला बुडाला नाही का? भाव पडले, हे खरे आहे. व्हिएतनामची कॉफी जगभर आली आणि 2001-02 च्या सुमारास भाव कोसळले. लहान उत्पादक कर्जात गेले. ते आम्ही झाकून ठेवणार नाही. पण 2024 मध्ये ब्राझील आणि व्हिएतनाममधले पीक हवामानाने मारले गेले आणि भाव चढले, तेव्हा तो चढा भाव अडवायला मध्ये पूल नव्हता. मंदीचा तोटा शेतकऱ्याने सोसायचा आणि तेजीचा नफा मात्र सरकारने अडवायचा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

चिखलदऱ्याची कॉफी पाहून आपल्याकडेही काही जण लागवडीचा विचार करतात. जरूर करावा, पण नुसत्या माहितीपत्रकावर विसंबून नव्हे. आपली उंची, पाऊस आणि सावली मोजा. फळ सोलणारी, प्रतवारी करणारी सोय किती लांब आहे ते पाहा. सर्वांत आधी गिऱ्हाइके किती ते मोजा. गिऱ्हाईक एकच असेल, मग ते सरकार असो की व्यापारी, तर भाव त्याचाच चालणार.

सरकारने काय करावे? खोडकिड्याला तोंड देणारे वाण शोधावेत, रस्ते करावेत, वेळेवर हवामानाची माहिती द्यावी, विम्याचे पैसे अडवू नयेत. खरेदीची मक्तेदारी आणि निर्यातीची बंदी ही दोन कामे तेवढी सोडावीत. कॉफी असो, कापूस असो की कांदा, ज्याने पिकवले त्यानेच कुणाला विकायचे ते ठरवावे. प्रत्येक तालुक्याने या मागणीवर आपले मत ठरवून जिल्हा बैठकीत मांडावे.