आधी बाजू, मग पुरावा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचा झेंडा रोवला जातो आणि पांढुर्णा व सावरगाव दगड घेऊन आमनेसामने उभे राहतात. जखमींचे आकडे, जमावबंदीचे आदेश, रबरी चेंडूंचा फसलेला प्रयोग हे गोटमारीबद्दल दरवर्षी लिहिले जाते. ते आज पुन्हा लिहायचे नाही. गोटमारीत एक उघडपणा असतो. कोणता काठ कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते आणि दगड न्यायाने पडला की अन्यायाने, असे कोणी विचारत नाही. सार्वजनिक जीवनातल्या आरोपांचे तसे नाही. आरोप खरा असतो किंवा खोटा, निदान तपासता तरी येतो. तरीही त्याचा निकाल आपण काठ पाहूनच लावतो. आजच्या दिवशी बोलायचे ते याविषयी.

पांढुर्ण्याच्या बसस्थानकावर किंवा सौंसरच्या बाजारात एखाद्या नेत्यावरच्या आरोपाची बातमी पोचली, की पहिला प्रश्न ‘काय केले?’ असा क्वचितच येतो. येतो तो ‘कोणाचा माणूस?’ असा. आपला असेल तर बदनामीचा डाव. समोरचा असेल तर ‘उगाच कोणी नाव घेत नाही’. कागद कोणते, तपास कोणी केला, न्यायालय काय म्हणाले, हे सारे नंतर, आणि तेही आपल्या सोयीचे असेल तर.

या भागाला हा धडा तीस वर्षांपूर्वीच मिळाला होता. 1991 साली सीबीआयच्या छाप्यात जैन बंधूंच्या डायऱ्या हाती लागल्या. त्यांत जवळपास सर्वच मोठ्या पक्षांच्या नेत्यांच्या नावांपुढे रकमा असल्याचे सांगितले गेले. पुढे काही वर्षे तपास रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, तेव्हा कुठे 1996 मध्ये आरोपपत्रे दाखल होऊ लागली. त्या हवाला प्रकरणात नाव आल्यामुळे या भागाचे, म्हणजे छिंदवाड्याचे खासदार कमलनाथ यांना त्या वर्षी काँग्रेसने उमेदवारी दिली नाही. त्यांच्या पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मग त्यांनी राजीनामा दिला, आणि फेब्रुवारी 1997 च्या पोटनिवडणुकीत स्वतः कमलनाथ भाजपच्या सुंदरलाल पटवांकडून हरले. 1998 मध्ये त्याच मतदारांनी कमलनाथ यांना पुन्हा लोकसभेत पाठवले.

या तीन निकालांतून डायरीबद्दल मतदाराचे मत काय होते, हे कोणी सांगू शकेल का? पत्नीला राजीनामा द्यायला लावून स्वतः उभे राहणे लोकांना रुचले नाही, हेच 1997 च्या पराभवाचे कारण आजही सांगितले जाते. म्हणजे मतदाराने निकाल दिला तो उमेदवाराच्या गृहीत धरण्यावर. हवालाचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचलाच नाही. मतपेटीला न्यायालय मानणाऱ्यांनी आणि निवडून आल्यावर ‘जनतेने मला निर्दोष ठरवले’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

न्यायालयात काय झाले? मार्च 1998 मध्ये लालकृष्ण अडवाणी आणि विद्याचरण शुक्ल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुट्या कागदांना हिशेबाची वही म्हणता येत नाही आणि वहीतली नोंदही एकटीच कोणाला जबाबदार धरायला पुरत नाही; तिला स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो. संत्र्याच्या व्यापाऱ्यालाही हे पटेल. मी माझ्या वहीत तुमच्या नावे लाख रुपये लिहिले, म्हणून तुम्ही ते घेतले असे होत नाही. पण डिसेंबर 1997 मध्ये याच न्यायालयाने विनीत नारायण खटल्यात तपास यंत्रणांच्या ढिलाईवर कठोर बोट ठेवले होते आणि सीबीआयला सत्तेच्या दडपणापासून दूर ठेवण्यासाठी निर्देश दिले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर सत्य असे निघते: आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि ते धडपणे तपासलेही गेले नाहीत. आपण मात्र एकेक अर्धा वाटून घेतला. आपल्या नेत्यासाठी ‘न्यायालयाने सोडले’, दुसऱ्याच्या नेत्यासाठी ‘तपासच झाला नाही’.

आपले मत भोपाळकडे जाते, पण दवाखाना, बाजार आणि मराठी वर्तमानपत्र नागपूरचे. त्यामुळे दोन राज्यांच्या आरोपांचा हिशेब आपल्या घरी पोचतो. महाराष्ट्रातल्या सिंचन घोटाळ्याचा प्रवास आपण जवळून पाहिला. सप्टेंबर 2012 मध्ये या आरोपांवरून अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याच आघाडी सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि डिसेंबरात ते त्याच पदावर परतले. विरोधात असलेल्या भाजपने हा विषय वर्षानुवर्षे तापवला. 2019 च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नागपूर खंडपीठात त्यांच्याविरुद्ध काही आढळले नसल्याचे शपथेवर सांगितले. 27 जून 2023 रोजी भोपाळमध्येच पंतप्रधानांनी पवारांच्या राष्ट्रवादीवरच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्याच्या आरोपांचा उल्लेख केला. 2 जुलैला अजित पवार भाजपचा सहभाग असलेल्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. पाच दिवसांत पुरावा बदलला नव्हता, फक्त काठ बदलला होता. आणि त्याबरोबर दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांची मतेही बदलली: काल आरोप करणारे खुलासे देऊ लागले, काल बचाव करणारे बोट दाखवू लागले.

आरोपाचा निकाल कसा लागावा, याचे उदाहरणही आपल्याच परिसरात आहे, आणि ते फार महाग पडले. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात खोकल्याच्या औषधाने मुले दगावू लागली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांना घेऊन आईबाप नागपूरला धावत होते. सुरुवातीला तपासलेल्या नमुन्यांत घातक द्रव्य नाही, असे सरकारी पातळीवरून सांगितले गेले. विरोधकांनी आरोप केले. राजकारण नको, असे उत्तर आले. अखेर उलगडा झाला तो तमिळनाडूच्या औषध नियंत्रण यंत्रणेच्या अहवालाने. कांचीपुरमच्या कारखान्यात तयार झालेल्या कोल्ड्रिफ या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के निघाले. एकूण वीसहून अधिक मुले गेली. त्या आकड्याला पक्ष नव्हता. तो आधी मिळाला असता तर किती घरे वाचली असती, हा प्रश्न विचारण्याऐवजी आपण कोणत्या पक्षाला किती फायदा, याचीच चर्चा करत राहिलो.

या सगळ्याला कंटाळलेला माणूस म्हणतो, ‘सगळे सारखेच.’ हे वाक्य तटस्थ वाटते, पण त्याचा सर्वांत मोठा लाभ खऱ्या दोषीला होतो. सगळेच चोर म्हटले की कोणा एकाला जाब विचारायचे कारण उरत नाही. शिवाय इथला मतदार एका काठाला बांधलेला नाही, हे त्यानेच दाखवले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्यानंतरच्या विधानसभेत या दोन्ही जागा काँग्रेसला गेल्या, आणि सहा महिन्यांत छिंदवाड्याची लोकसभेची जागा भाजपने घेतली. मत देताना जो माणूस काठ ओलांडू शकतो, त्याला आरोप तोलताना तो ओलांडता का येऊ नये?

त्यासाठी कायदेपंडित व्हावे लागत नाही. आरोप करणाऱ्याने नेमके काय, केव्हा आणि कोणत्या कागदावरून म्हटले आहे? तपास आरोपीच्या हाताबाहेरच्या कोणाकडे आहे का? आणि हाच आरोप आपल्या माणसावर असता तर आपण काय मागितले असते? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर दुसऱ्या कोणाला द्यायचे नसते. दोषी ठरवणे न्यायालयाचे काम. विश्वास ठेवायचा की नाही, हे आपले. विश्वास काढून घ्यायला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही, पण केवळ नाव ऐकून तो काढून घेणे किंवा देऊन टाकणे हेही शहाणपणाचे नाही.

सुरुवात दिल्ली-भोपाळपासून नको. तिथले कागद आपल्या हाती येत नाहीत. वॉर्डातल्या नालीचे, शाळेच्या खोलीचे, पाण्याच्या टाकीचे कागद मात्र येतात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जावर तीस दिवसांत ते मिळायला हवेत. समोरच्या पक्षाच्या पार्षदाविरुद्ध असा अर्ज करणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्या पक्षाच्या पार्षदाकडे रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागणारा कार्यकर्ता ज्या दिवशी गद्दार ठरणार नाही, त्या दिवसापासून विरोधकावर केलेल्या आपल्या आरोपालाही वजन येईल.