इंजिन कोणी बंद करायचे?



पिकअप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वखर, तिफण, फवारणीचा पंप यांच्याच रांगेत बसणारे ते एक अवजार आहे. वेचलेला कापूस जिनिंगच्या फाटकापर्यंत न्यायचा, कडबा गवळ्याच्या गोठ्यावर टाकायचा, येताना खताच्या गोण्या आणायच्या आणि उरलेल्या दिवसांत भाडे मारून हप्ता फेडायचा, एवढी कामे ही गाडी करते. हप्ता चुकला तर गाडी जाते आणि गाडीपाठोपाठ घराची पत जाते. म्हणून या अवजारात कोणी काय बसवले, कशासाठी बसवले आणि त्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर पडतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

गेल्या दोन हंगामांत जिल्ह्याच्या बैठकांमधून एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली. गाडी उभी केली, गिअर न्यूट्रलला टाकला, क्लचवरचा पाय काढला की थोड्या वेळाने इंजिन आपोआप बंद होते. क्लच दाबला की पुन्हा आपोआप सुरू होते. पहिल्यांदा हे झाले तेव्हा कित्येकांना वाटले की गाडी बिघडली. बिघडलेली नाही. याला स्टार्ट-स्टॉप म्हणतात. आपल्याकडे महिंद्राने २००८ च्या सुमारास स्कॉर्पिओ आणि बोलेरोत ते 'मायक्रो हायब्रिड' या नावाने आणले. कल्पना त्याहून जुनी आहे. जपानच्या टोयोटाने १९७४ साली क्राउन गाडीवर ती करून पाहिली होती. बैठकीतला प्रश्न नेहमी एकच असतो: हे काढून टाकायचे का?

आधी यंत्राला त्याचा न्याय देऊ. उभ्या गाडीचे चालू इंजिन डिझेल पिते आणि काम शून्य करते. अडीच लिटरच्या आसपासचे डिझेल इंजिन तासाभराच्या रिकाम्या धुगधुगीत पाऊण लिटरच्या आगेमागे डिझेल खाते. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला जादा डिझेल लागते हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोजून सांगितले आहे की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे फायद्याचे. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिव्याला गाड्या बंद करण्याची मोहीम काढली होती, तिच्यामागे हाच हिशोब होता. तेव्हा 'हे सगळे फसवे आहे' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. डिझेल वाचते. प्रश्न आहे किती वाचते, कुठे वाचते आणि ते वाचवण्यासाठी दुसऱ्या खिशातून किती जाते.

गाडीची इंधनखपत मोजतात ती रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून. आपल्या देशातली चाचणी युरोपच्या जुन्या चाचणीवरून बेतलेली. ती ११८० सेकंदांची, आणि त्यातले २८० च्या आसपास सेकंद गाडी नुसती उभी. म्हणजे जवळजवळ पाव वेळ. शहरातला डॉक्टर किंवा दुकानदार खरोखरच एवढा वेळ सिग्नलला उभा राहत असेल. आपले काय? गावापासून तालुका तीस किलोमीटर, पन्नास मिनिटांचा रस्ता. पाव वेळ म्हणजे बारा मिनिटे उभे राहायला हवे. रेल्वेचे फाटक लागले तर पाच मिनिटे, नाही लागले तर एखादी म्हैस आडवी येईपर्यंत. सिग्नल तर तालुक्यालाही नाही. जी बचत शहराच्या चौकात पिकते ती कोरडवाहू भागाच्या रस्त्यावर पिकत नाही, एवढे कृषी शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल. बियाणे एकच असले तरी जमीन वेगळी.

मग आपली गाडी उभी कुठे राहते? रांगेत. बाजार समितीच्या फाटकात, सीसीआयच्या खरेदी केंद्रावर, जिनिंगच्या काट्यासमोर. दिवाळीनंतर ही रांग कधी चार तासांची असते, कधी मुक्कामाची. वाटेल की यंत्राने इथेच पैसा वाचवावा. पण रांग कशी सरकते ते पाहा. लांब मुक्काम असला की चालक स्वतःच चावी फिरवतो, त्याला यंत्राची गरज नाही. काटा जवळ आला की गाडी दर दोन-चार मिनिटांनी एक एक गाडीभर पुढे सरकते. दर वेळी इंजिन बंद, दर वेळी सेल्फ. सेल्फ बॅटरीतून ओढतो, आणि दहा फूट सरकण्यात अल्टरनेटरला ते भरून काढायला वेळ मिळत नाही. वर हेडलाइट चालू, टेप चालू, मोबाइल चार्जिंगला लावलेला. बॅटरीच्या ऋण टोकावर एक सेन्सर बसवलेला असतो. चार्ज ठरावीक पातळीखाली गेला की तो स्टार्ट-स्टॉपच बंद करून टाकतो. म्हणजे जिथे रांग सर्वांत लांब तिथेच यंत्र राजीनामा देऊन मोकळे.

तरीही हिशोब मांडू. समजा हंगामाचे साठ फेरे आणि दर फेऱ्याला वीस मिनिटे यंत्राने इंजिन बंद ठेवले. झाले वीस तास. पाऊण लिटरने धरले तर पंधरा लिटर डिझेल. तुमच्या पंपाचा भाव घालून रुपये काढा. त्यासमोर बॅटरीचे बिल ठेवा. साध्या बॅटरीचे काम दिवसातून चार-सहा वेळा सेल्फ मारून देणे. स्टार्ट-स्टॉपला दिवसातून पन्नास वेळा उतरणारी आणि चढणारी बॅटरी लागते. ती ईएफबी किंवा एजीएम जातीची असते. साधीपेक्षा महाग असते आणि तालुक्याच्या दुकानात बहुधा 'मागवावी लागेल' असे उत्तर मिळते. मागवायला दोन दिवस, आणि दोन दिवस गाडी कापसासकट उभी. मग दुकानदार त्याच मापाची साधी बॅटरी बसवून देतो. स्टार्ट-स्टॉप चालू राहिले तर ती लवकर मान टाकते आणि मग शिव्या खाते बिचारी बॅटरी.

सेल्फ आणि बेअरिंगबद्दलची भीती मात्र बरीचशी अवास्तव आहे. अशा गाडीला कंपनी दणकट सेल्फ देते. तेलाचा थर तयार होण्याआधी इंजिन फिरले तरी झिजू नये म्हणून बेअरिंगवर वेगळा लेपही देतात. टर्बोचे तेवढे लक्षात ठेवा. भरलेली गाडी घाट चढून आली की टर्बो तापलेला असतो. जुने चालक अशा वेळी मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करतात, ते शहाणपण आजही खरे आहे. इंजिन फार तापले असेल तर बऱ्याच गाड्यांत यंत्र स्वतःच थांबते, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा घाट चढण्याआधी बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद करावे.

बटण असते, हे बऱ्याच जणांना शोरूमने सांगितलेलेच नसते. डॅशबोर्डवर वर्तुळाकार बाणात 'ए' अक्षराची खूण पाहा. दाबले की स्टार्ट-स्टॉप बंद. पण चावी फिरवून गाडी पुन्हा सुरू केली की ते परत चालू. रोज दाबा, दर फेऱ्याला दाबा. गाडीच्या संगणकाला पाच वर्षांपूर्वीचा दोष आठवतो, मालकाची सकाळची इच्छा मात्र आठवत नाही! हा विसराळूपणा नाही. चाचणीत गाडी ज्या अवस्थेत सुरू होते त्याच अवस्थेत मोजली जाते. मालकाची इच्छा लक्षात ठेवणारे बटण दिले तर चाचणीतला आकडा धोक्यात येतो. आकडा कंपनीच्या कागदावर, बॅटरी आपल्या खिशातून.

हे दुखणे आपलेच नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याची पिकअप आपल्या पिकअपच्या दुप्पट, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची. तिथेही बटण असेच विसराळू, आणि ते लक्षात ठेवणारी छोटी डबी लोक पदरच्या पैशाने विकत घेऊन जोडतात. २०१२ च्या सरकारी नियमांत अशा यंत्राबद्दल कंपन्यांना प्रदूषणाच्या हिशोबात जादा गुण मिळू लागले आणि यंत्र घरोघर पोहोचले. २०२१ मध्ये चिप्सचा तुटवडा पडला तेव्हा जनरल मोटर्सने आपल्या काही मोठ्या पिकअपमधून हे यंत्रच वगळले आणि ग्राहकाला सूट दिली ५० डॉलर. ज्याच्या कौतुकात जाहिरातीची पाने भरली त्याची किंमत कंपनीनेच अशी लावली. फेब्रुवारी २०२६ मध्ये तिथल्या सरकारने हे गुण काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. तिथले राज्यकर्ते म्हणतात, लोकांना हे यंत्र आवडत नाही. आम्हाला तो युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. काल सरकारने गुण देऊन बसवायला लावले, आज सरकारने गुण काढले. दोन्ही वेळा गाडीच्या मालकाला कोणी विचारले?

आता वायर तोडण्याबद्दल. तालुक्याचा इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत हे काम करून देतो. कोणी बॅटरीवरच्या सेन्सरचा प्लग काढतो, कोणी बोनेटच्या स्विचची वायर कापतो, म्हणजे बोनेट उघडे आहे असे संगणकाला वाटत राहते आणि इंजिन आपोआप बंद होत नाही. युक्ती चालते, पण तिची फेड महाग आहे. बऱ्याच गाड्यांत बॅटरी किती चार्ज करायची हेही त्याच सेन्सरवर ठरते. तो काढला की अल्टरनेटर आंधळा होतो. आणि वॉरंटीत गाडी नेली की सर्व्हिसवाल्याला आयते कारण मिळते. आमच्या एका कार्यकर्त्याची बॅटरी वॉरंटीत असताना गेली. शोरूमने कापलेल्या वायरकडे बोट दाखवले आणि हात झटकले. वायरचा बॅटरी जाण्याशी संबंध आहे हे शोरूमने सिद्ध केले नाही आणि ते सिद्ध करायला लावण्याइतका वेळ हंगामात त्याच्याकडे नव्हता. वॉरंटी आहे तोवर वायर तोडू नका. बटण दाबा. काही गाड्यांत कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातून संगणकात बदल करून हे बंद करता येते. तसे लेखी मागा, नकार दिला तर नकारही लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट, जीवाशी संबंध असलेली. आपोआप थांबलेले इंजिन बंद झालेले नसते, झोपलेले असते. दार, पट्टा, बोनेट यांच्यावर लक्ष ठेवणारे स्विच असतात, पण ज्या गाडीत ते तोडले तिथे कोण राखण करणार? शेजारी बसलेल्या पोराचा पाय क्लचवर पडला आणि कोणी पंख्याच्या पट्ट्यात हात घातलेला असला तर काय होईल ते सांगायला नको. बोनेट उघडण्याआधी चावी काढा आणि खिशात ठेवा. जिनिंगच्या आवारात, जिथे पायाखाली कापूस आणि हवेत रुई, तिथे गाडी यंत्राने थांबवली यावर समाधान मानू नका. चावीने बंद करा.

मागणी साधी आहे. बटण मालकाची इच्छा लक्षात ठेवणारे हवे. कोटेशनवर बॅटरीची जात आणि बदलीची किंमत छापलेली हवी, कारण हप्ता ठरवताना तोही खर्च धरावा लागतो. ती बॅटरी तालुक्याच्या ठिकाणी, हंगामात, त्याच दिवशी मिळायला हवी. ज्याला यंत्र नको त्याला तीच गाडी यंत्राशिवाय आणि तेवढ्या कमी पैशात मिळायला हवी. शहरात भाजीचे फेरे करणाऱ्याला यंत्र परवडेल, त्याने घ्यावे. आमचे भांडण त्याच्याशी नाही.

हे मांडायला आपल्या हातात कागद हवेत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी तीन गोष्टी आणाव्यात: गाडीच्या कोटेशनची प्रत, बॅटरी बदलली असल्यास तिचे बिल, आणि बॅटरी बदलली त्या दिवशी गाडी किती किलोमीटर चालली होती त्याचा आकडा. बिल हरवले असेल तर जुन्या बॅटरीवरच्या कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल.