न बोललेले विधान

(द्वितीय वर्ष, कला)

अकरावीला तर्कशास्त्र घेतले तेव्हा घरी कोणालाच तो काय विषय आहे हे ठाऊक नव्हते. खरे म्हणजे मलाही नव्हते. सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे, हे घोकून मार्क मिळाले. पण माणसे असे बोलत नाहीत. 'माणूसच ना, मग मरायचाच', एवढेच बोलतात. व्याकरणात कर्ता अध्याहृत असतो तसे एक विधान अध्याहृत राहते. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरील ग्रंथात याची दखल घेतली आहे. श्रोत्याला ठाऊक असलेले वक्ता सांगत नाही. श्रोता ते स्वतःच भरून घेतो. माझ्या मते फसगत होते ती येथेच. आपणच भरलेले विधान कोण तपासणार?

आपले नैयायिक या बाबतीत भलतेच चिकट. दुसऱ्याला पटवायचे तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच वाक्ये बोला. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. पण तेवढ्याने भागत नाही. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हेही उघड सांगायचे. आणि उलटे मात्र चालणार नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओले लागते. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

हे वाचले आणि मला आई आठवली. ती शाळेत गेलेली नाही. गेल्या पावसाळ्याआधी बियाण्याचा दुकानदार आबांना म्हणाला, "शेजारच्या गावात या वाणाला झकास उतारा पडला, तुम्हीही हेच न्या." आबा पैसे काढू लागले. आई म्हणाली, "त्यांच्या रानाला पाटाचं पाणी हाय. आमचं कोरडवाहू." ओले सरपणच ते! तर्कशास्त्रात चांगले मार्क मिळवलेली मी पिशवी धरून शेजारीच उभी होते, मला ते सुचले नाही. घरून निघताना तिला मी 'तुला त्यातलं काय कळतंय' म्हणाले होते. त्या वाक्यातही एक विधान गिळलेले होते: जो शाळेत गेला नाही त्याला विचार करता येत नाही.

इंग्रजी अमदानीतही असेच एक विधान गिळले गेले. वरच्या वर्गांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल, असे म्हणत. ऐकायला बरे वाटते. पण ज्याला विद्या मिळते तो ती खालच्याला देतोच, हे कोणी पाहिले होते? महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात नेमके यावर बोट ठेवले. या शिकलेल्यांनी आपल्या घरी अडाणी लोकांसाठी वर्ग काढले काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यातच आहे.

कोणी म्हणेल, गृहीत धरलेले सारेच बोलायचे तर बोलणे संपायचे नाही. खरे आहे. जेवताना मीठ मागणाऱ्याला कोणी आधारविधान विचारू नये. पण एखाद्याचे शिक्षण, जमीन किंवा लग्न ठरत असेल तर विचारावेच.

आमच्या शेजारचे काका दर सणाला आबांना सांगतात, "बीए करून नोकरी कुठं लागतीय? पोरीचं उरकून टाका." पहिले वाक्य बरेचसे खरे आहे, मी वाद घालत नाही. दुसरे मात्र त्यातून निघत नाही. या दिवाळीला चहा देताना मी विचारले, "काका, तुमच्या थोरल्या दादांना बीए होऊन दोन वर्षं झाली, नोकरी नाही. मग त्यांचं का नाही उरकलं?"

काका बराच वेळ चहा फुंकत बसले. आबा हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परीक्षेची फी मोजून माझ्या हातावर ठेवली.