परभणीच्या पोरांनी स्पॅनिश का शिकू नये?

"परभणीच्या पोरांना स्पॅनिश कशाला?" असं विचारणाऱ्यांना आम्ही इतिहास दाखवतो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत मिळवलंच, आणि बॉन विद्यापीठाला अर्ज लिहिला तो जर्मनमध्ये!

आज लँग्वेज ट्रान्सफरचे स्पॅनिशचे 90 धडे फुकट ऐकता येतात. पण ते इंग्रजीतून आहेत. म्हणजे फुकट असूनही सगळ्यांचे नाहीत. म्हणून ज्याला इंग्रजी येतं, त्यानं विहारात बसून बाकीच्यांना मराठीत समजावावं.

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ही हकिकत संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत आपण सांगायची, की दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची? आम्ही शिकणार. जयभीम!