दप्तराची शिस्त, संगणकाचे तक्ते

वऱ्हाडात ज्याच्या नावे वावर आहे त्याला गाव नमुना सहा, सात, बारा आणि आठ-अ यांची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. परंतु या नमुन्यांच्या रचनेत जो विचार पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे, त्याकडे आपल्या संगणक-शिक्षणाने केलेले दुर्लक्ष मला अत्यंत खेदजनक वाटते. सातबाऱ्यावर भूमापन क्रमांक असतो, खातेदाराचा खाते क्रमांक असतो, आणि हक्कात बदल ज्या फेरफाराने झाला त्याचा क्रमांकही असतो. त्या फेरफाराची हकीकत मात्र नमुना सहामध्ये, आपल्या जागी लिहिलेली राहते. हक्क गेलेल्या खातेदाराचे नावही पुसले जात नाही, त्याला कंस होतो, म्हणजे पूर्वेतिहास शाबूत राहतो. एका वहीने दुसरीतला सगळा मजकूर उतरवून न घेता तिचा क्रमांक तेवढा सांगावा, ही पटवारी दप्तराची जुनी वहिवाट होय. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली ज्या निबंधात माहिती तक्त्यांत मांडावी आणि तक्त्यांतील नाती त्यांतल्या मूल्यांवरूनच ओळखावीत असा सिद्धांत गणिताच्या आधारे सांगितला, त्या निबंधाशी या वहिवाटीचे जवळचे आप्तत्व आहे.

असे असता अमरावती-अकोल्याच्या संगणक वर्गांत मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस किंवा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस बेस शिकवताना आरंभ होतो तो कोणते बटण कुठे आहे येथून. टेबल, फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट या चार गोष्टी क्रमाने दाखवल्या जातात. पण टेबलात काय घालावे आणि काय घालू नये, हा जो मुळातला प्रश्न, तो विद्यार्थ्याच्या तर्कावर सोडून दिला जातो. माझे स्पष्ट मत असे की, पहिले काही दिवस संगणक सुरूच करू नये. कोऱ्या कागदावर आपल्याच मुलखातील एखाद्या व्यवहाराची वाटणी विद्यार्थ्याकडून करून घ्यावी.

त्यासाठी धान्य आणि कापसाच्या बाजाराइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही. नियंत्रित बाजाराचा देशातील पहिला प्रयोग ज्या कारंज्यात १८८६ साली झाला ते गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते, आणि १८९७ चा कापूस व धान्य बाजाराचा कायदाही वऱ्हाडसाठीच झाला. तेव्हा आवक, हर्रास, वजन, अडत आणि चुकारा यांच्या नोंदी ठेवण्याची परंपरा येथे शतकाहून जुनी आहे. नवशिका हे सारे एकाच लांबलचक टेबलात कोंबतो, आणि कास्तकाराने तीन वेळा माल आणला की त्याचे नाव, गाव आणि बँक खाते तीनदा लिहिले जाते. पुढे खाते बदलले की दोन ठिकाणी दुरुस्ती होते, तिसरे राहून जाते आणि चुकारा भलत्याच खात्यावर रवाना होतो. म्हणून कास्तकारांचे टेबल स्वतंत्र, व्यापाऱ्यांचे स्वतंत्र, आणि प्रत्येक सौद्याची ओळ स्वतंत्र असावी, जिच्यात कास्तकाराचा व व्यापाऱ्याचा केवळ क्रमांक यावा. हा क्रमांक, ज्याला प्रायमरी की म्हणतात, नावावरून ठरवता येत नाही. देशमुख, काळे, ठाकरे यांच्या गावांत वडिलांच्या नावासकट तंतोतंत जुळणारी माणसे निघतात, आणि एकच मोबाइल अवघ्या घराचा असतो. भाव मात्र सौद्याच्या ओळीतच लिहावा, कारण तो मालाचा गुण नसून त्या दिवशीच्या हर्रासाचा निकाल आहे. तो मालाच्या टेबलात ठेवला तर आजचा भाव भरताच मागील सगळ्या पट्ट्या खोट्या ठरतील.

जमिनीचे नाते याहून गुंतागुंतीचे आहे. एका वावरात तिघा भावांचे हिस्से असतात आणि एकाच भावाची वावरे दोन-तीन शिवारांत असतात. येथे दोन टेबले पुरत नाहीत, मध्ये हिस्स्यांचे तिसरे टेबल लागते, ज्याच्या प्रत्येक ओळीत वावराचा क्रमांक, खातेदाराचा क्रमांक आणि हिस्सा एवढेच असावे. हे तिसरे टेबल ज्याला सुचले त्याला निम्मी विद्या आली, असे मी समजतो. पिकांचेही तसेच: ‘कापूस-तूर’ असे एका रकान्यात लिहिले की नुसत्या तुरीचा पेरा किती हे संगणकाला सांगता येत नाही, दोन पिकांना दोन ओळी द्याव्या लागतात.

क्षेत्राच्या रकान्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. एक एकर तीस गुंठे हे आपल्याकडे सर्रास १.३० असे लिहितात. संगणकाला तो दशांश अपूर्णांक वाटतो आणि अशा दोन वावरांची बेरीज तो २.६० करतो, वास्तविक चाळीस गुंठ्यांचा एकर धरता ती तीन एकर वीस गुंठे होते. तेव्हा एकर आणि गुंठे यांना दोन रकाने द्यावेत, अथवा सर्व क्षेत्र हेक्टरमध्ये रूपांतरित करूनच भरावे. एकूण क्षेत्राची बेरीज तर मुळीच साठवू नये, क्वेरीने हवी तेव्हा काढावी. कागदी दप्तरात पाने चाळण्याचे श्रम वाचावेत म्हणून आठ-अ ची स्वतंत्र वही ठेवावी लागे, आणि सातबारा व आठ-अ यांचा मेळ बसेना ही तक्रार त्यातूनच उद्भवते. संगणकावर ती तडजोड करण्याचे कारण उरलेले नाही.

तयार प्रणाली विकत मिळत असताना खरेदी-विक्री संघाच्या कारकुनाने हे कशाला शिकावे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. विकत घेणाऱ्याला ही वाटणी कळत नसेल, तर विक्रेत्याने कास्तकाराचे नाव चार ठिकाणी साठवले आहे की नाही, व्यवहार शिल्लक असलेला कास्तकार यादीतून काढू पाहिल्यास प्रणाली त्याला मज्जाव करते की नाही, आणि करार संपल्यावर आपल्या सगळ्या नोंदी साध्या तक्त्यांच्या रूपात परत मिळतील की नाही, हे तीन प्रश्न संचालक मंडळाच्या सभेत विचारणार कोण?