रुद्रप्रयागची शिकार

मृगया म्हटली कीं आमच्या मुलांपुढें दुष्यंताचा रथ उभा राहतो: पुढें धांवणारें हरिण, मागें ताणलेलें धनुष्य. मनूनें मात्र तिची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली आहे. १९७२ च्या कायद्यानें हौशी शिकार बंद झाली, हें आम्हांस योग्यच वाटतें. परंतु प्रजेच्या रक्षणार्थ जेव्हां ती करावी लागते, तेव्हां बंदुकीपेक्षां बेत महत्त्वाचा ठरतो.

१९१८ ते १९२६ या काळांत गढवालांतील एका नरभक्षक बिबळ्यानें १२५ माणसें मारिलीं. केदारनाथ व बदरीनाथ यांची वाट त्याच्याच मुलखांतून जात असे. सूर्यास्तानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची कोणाची छाती होत नसे. मुलूख सुमारें ५०० चौरस मैलांचा, सारा कडेकपारींचा. तेथें एक पशु शोधावा कसा? १९२५ सालीं तेथें गेलेल्या जिम कॉर्बेट यांनीं आधीं भूगोलाचा विचार केला. अलकनंदेचें पाणी बर्फासारखें थंड व अतिशय वेगाचें. बिबळ्या तें पोहून जाणार नाहीं. म्हणजे तो झुलत्या पुलांवरूनच पैलतीरास जात असला पाहिजे, आणि तसे पूल त्या टापूंत दोनच, रुद्रप्रयागचा व चटवापीपलचा. ते रात्रीं कांटेरी झुडुपांनीं बंद केले कीं वैरी एकाच तीरावर कोंडला जाईल! (भूगोल केवळ पाठांतराचा विषय आहे असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.) पुढें रुद्रप्रयागच्या पुलाच्या बुरुजावर ते स्वतः वीस रात्री टपून बसले. त्या वीस रात्रींत पुलावरून गेला तो एक कोल्हा.

तरीहि टिपण व तर्क चालूच होते. रुद्रप्रयाग व गोलाबराय यांच्यामधील वाटेनें बिबळ्या सरासरी पांच दिवसांतून एकदां जातो, असें त्यांच्या ध्यानीं आलें. म्हणून गोलाबरायच्या धर्मशाळेजवळ आंब्याच्या झाडावर मचाण बांधून खालीं गळ्यांत घंटा असलेली बकरी ठेविली व दहा रात्री बसण्याचा निश्चय केला. दहाहि रात्री फुकट गेल्या. आणखी एक रात्र म्हणून ते बसले, आणि १९२६ च्या मे महिन्यांतील त्या रात्रीं घंटा वाजली. विजेची बत्ती क्षणभर उजळली, गोळी एकच सुटली.

बदरीनाथास जाणाऱ्या आमच्या वाचकांस आजहि वाटेंत, रुद्रप्रयागानजीक, त्या जागेचें स्मारक लागतें.